बैठका : सकाळच्या आणि संध्याकाळच्या

मराठीत ‘बैठक’ या शब्दाचे अर्थ पुष्कळ आहेत. परंतु त्यांपैकी दोन अर्थ अलीकडे एकाच माणसाच्या आठवड्यात शेजारी शेजारी येऊन राहिले आहेत. जोर-बैठकांतली बैठक हा त्यांतला जुना अर्थ. शनिवारी संध्याकाळी कार्यालयातील मंडळी ‘बसतात’, ती बैठक हा दुसरा. पूर्वी या दोन बैठकांचे मानकरी बहुधा निराळे असत. तालमीत उतरणारा तरुण मारुतीला नमस्कार करून लाल मातीत पाय ठेवी, आणि त्याच्या पिण्याची कुणकुण वस्तादाच्या कानी गेली तर त्याची गय होत नसे. आज तालुक्याच्या गावीही आरशांच्या भिंतींची आणि लोखंडी वजनांची जिम उभी आहे. तेथे मासिक वर्गणी घेऊन व्यायाम शिकविणारा असतो, पण शनिवारची संध्याकाळ कोठे गेली हे विचारणारा वस्ताद नसतो.

या नव्या व्यायामशाळांना नावे ठेवण्याचे कारण नाही. दिवसभर टेबलाशी बसणारा कारकून किंवा तपासलेल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत पाठ मोडून घेणारा शिक्षक पहाटे उठून वजने उचलतो, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात प्रौढांनी आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा असे सांगितले आहे. वाढत्या वयाबरोबर स्नायू झिजत जातात. म्हणून चाळिशीच्या माणसाला हा व्यायाम तरुणापेक्षाही अधिक आवश्यक ठरतो. प्रश्न उद्भवतो तो पुढे. महिनोन्‌महिने नेमाने व्यायाम करूनही पोट कमी होत नाही, वजनाची पट्टी वाढत नाही, तेव्हा हा गृहस्थ दबक्या आवाजात विचारतो : आठवड्यातून एकदा बसले तर असे कितीसे बिघडते?

या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक उपदेशकाचे : थेंबही घेऊ नये. दुसरे सोबत्याचे : घाम गाळतोस ना, मग भरपाई होते. पहिल्या उत्तराने संवाद संपतो आणि दुसऱ्याने हिशेब चुकतो. तेव्हा आधी हिशेबच तपासलेला बरा.

जमा-खर्चाची पहिली वही

एक ग्रॅम मद्यार्कातून शरीराला सुमारे ७ कॅलरी मिळतात. पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांतून ४, आणि स्निग्ध पदार्थांतून ९. म्हणजे मद्यार्क हा जवळजवळ तेलातुपाच्या पंक्तीला बसणारा पदार्थ आहे. मात्र त्यातून शरीराच्या बांधणीला काहीही मिळत नाही. आपल्याकडील व्हिस्कीत मद्यार्काचे प्रमाण सामान्यतः ४२.८ टक्के असते. त्या मानाने ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम मद्यार्क, म्हणजे १४० कॅलरी येतात. तीन पेगांचे ४२० झाले. त्यांत तळलेल्या शेंगदाण्यांच्या दोन मुठी आणि भूक खवळल्यानंतरचे उशिराचे जेवण मिळवावे. उलट बाजूस, सत्तर किलो वजनाचा माणूस तासभर वजने उचलतो तेव्हा साधारण दोनशे ते तीनशे कॅलरी खर्च होतात. शनिवारच्या दोन तासांची फेड करण्यासाठी आठवड्यातील निम्मे व्यायाम खर्ची पडतात; आणि ज्यासाठी व्यायाम आरंभिला ते मूळ उद्दिष्ट जागच्या जागी राहते.

भरीस भर अशी, की शरीराला मद्यार्क साठवून ठेवता येत नाही. तो आधी जाळणे त्याला भाग पडते, आणि तोपर्यंत चरबी जाळण्याचे काम मागे पडते. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्काचा निचरा करू शकते. रात्री आठला बसून तीन मोठे पेग घेणाऱ्याचे यकृत पहाटे दोन ते साडेचार वाजेपर्यंत कामावर असते. लिंबूपाण्याने, काळ्या कॉफीने किंवा दुसऱ्या दिवशी दंड मारून ही गती वाढत नाही.

न दिसणारी दुसरी वही

कॅलरींची वही निदान डोळ्यांना दिसते. दुसरी दिसत नाही. स्नायू व्यायामशाळेत वाढत नसतात. तेथे त्यांना ताण पडतो, आणि त्यांची डागडुजी व वाढ पुढील एक-दोन दिवसांत, विश्रांती, आहार आणि झोप यांच्या आधारे होते. मद्याचा घाव नेमका या तिन्हींवर पडतो. मद्यामुळे झोप लवकर लागते हे खरे. पण उत्तररात्री ती वारंवार मोडते, आणि मूत्राचे प्रमाण वाढून शरीरातील पाणी घटते.

मेलबर्न येथील संशोधकांनी २०१४ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात उद्‌बोधक आहे. व्यायामाची सवय असलेल्या आठ पुरुषांना कठोर व्यायामानंतर वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळा आहार देण्यात आला. केवळ प्रथिने घेतली त्या दिवसाच्या तुलनेत, प्रथिनांबरोबर मद्य घेतले तेव्हा स्नायूंमधील प्रथिननिर्मिती २४ टक्क्यांनी कमी भरली. प्रथिनांऐवजी पिष्टमय पदार्थ व मद्य घेतले तेव्हा ३७ टक्क्यांनी. अर्थात, प्रयोगातील मद्याची मात्रा मोठी होती. वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅम, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला पाच मोठ्या पेगांहून अधिक. त्यावरून एका पेल्याने सारी मेहनत मातीत जाते असा निष्कर्ष काढणे अप्रामाणिकपणाचे होईल. क्वचित आणि थोडे घेणाऱ्याचे स्नायूंच्या दृष्टीने होणारे नुकसानही थोडेच असते, हे मान्य केले पाहिजे.

तथापि, स्नायू म्हणजे सर्व आरोग्य नव्हे. मद्याचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात १९८८ सालीच झालेला आहे. आणि मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. म्हणून ‘समतोल’ याचा अर्थ एवढाच, की घ्यावयाचेच असेल तर कमी, विरळ, जेवणासह, कठोर व्यायामाच्या दिवसापासून दूर, आणि किती ते घरून ठरवून. ज्याला ठरविलेल्या मर्यादेवर थांबताच येत नाही, त्याच्यासाठी हा समतोल नव्हेच. त्याने वैद्यकीय मदत घ्यावी. १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगणासारख्या केंद्रांनी ती वाट अनेकांना दाखविली आहे.

मात्रा ठरवितो कोण?

‘घरून ठरवून’ हे लिहावयास सोपे आहे. अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त शिकविताना व्यसनाचा उल्लेख अपवाद म्हणून करतात : पुढच्या पेल्याची गोडी कमी होण्याऐवजी वाढत असल्याचा भास होतो. पण साध्या कारकुनाची अडचण व्यसनाची नसते. त्याची मात्रा तो स्वतः ठरवीत नाही, टेबल ठरविते. पदोन्नती झाली, वेतन आयोगाची थकबाकी हाती आली, मुलगा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला, की पहिला प्रश्न येतो : “ओली की सुकी?” सुकी म्हणणारा कंजूष ठरतो. टेबलावर जो ‘नको’ म्हणतो तो शिष्ट ठरतो, आणि एकावर थांबणाऱ्याला दुबळा म्हणतात. साहेब त्याच टेबलावर असतील, तर नकाराची किंमत आणखी चढते.

त्यात बिलाची समान वाटणी ही रूढी. अर्धा पेला घेणारा आणि चार रिचविणारा सारखीच वर्गणी देतात. इस्रायलमध्ये केलेल्या आणि २००४ साली ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले, की बिल समान वाटावयाचे असेल तेव्हा माणसे स्वतःपुरते देताना मागवितात त्यापेक्षा अधिक मागवितात. कारण उघड आहे. जास्तीचा पेला पिणाऱ्याला त्याच्या किमतीचा एक लहान अंशच सोसावा लागतो. बाकीचा इतरांच्या खिशातून जातो. संयमी मनुष्य अशा रीतीने दोनदा भुर्दंड भरतो : एकदा पैशाने, एकदा टोमण्यांनी. ‘एवीतेवी पैसे द्यायचेच आहेत’ असे म्हणून तो तिसरा पेला घेतो, तेव्हा त्याचा निश्चय ढळला असे म्हणण्यापेक्षा व्यवस्थेने तो विकत घेतला असे म्हणणे अधिक न्याय्य होय. त्या वर्गणीत बहुधा महिनाभर रोजची दोन अंडी आली असती. व्यायामाला त्यांची गरज होती, आणि घरातील मुलांनाही.

कायदा नव्हे, रिवाज

हे सारे कायद्याने थांबेल अशी आशा कोणी बाळगू नये. अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांना १८९८ साली क्षयाने गाठले. त्या दुखण्यातून उठल्यावर ते आरोग्याचे आणि पुढे दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. त्यांच्या अमेरिकेत १९२० साली लागू झालेली दारूबंदी १९३३ साली मागे घ्यावी लागली. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजही कायम आहे, आणि त्याच्याच परवान्यावरून ‘परमिट रूम’ हे नाव रूढ झाले. बंदीच्या कायद्याने बारला नाव पुरविले, यातच पुष्कळ काही आले. शिवाय मद्यावरील शुल्क हा राज्याच्या तिजोरीचा मोठा आधार आहे. ज्याला उत्पन्न हवे, त्याच्याकडून संयमाचा पाठ कितपत अपेक्षावा?

परंतु जे कायद्याला साधत नाही ते रिवाज सहज साधतो, याचा पुरावा मराठी समाजात दरवर्षी मिळतो. आषाढी अमावास्येला ‘गटारी’ म्हणून जी मंडळी यथेच्छ पितात, त्यांपैकी अनेकजण दुसऱ्या दिवसापासून महिनाभर पेल्याला शिवत नाहीत. “श्रावण आहे” एवढे दोन शब्द पुरतात. कोणी टोमणा मारीत नाही, आग्रह करीत नाही. उलट आदरच करतात. तीच माणसे, तेच टेबल, तीच तहान. बदललेली असते ती केवळ नकाराची किंमत. श्रावणात ती शून्यावर येते आणि भाद्रपदात पुन्हा चढते. समतोलाचा प्रश्न इच्छाशक्तीचा जितका मानला जातो तितका तो नाही, हे यावरून दिसते.

तेव्हा करावयाचे ते अवघड नाही. ज्याने जे घेतले त्याचे त्याने द्यावे; वर्गणी समान नसावी. पदोन्नतीची पार्टी सकाळच्या मिसळीवर किंवा दुपारच्या जेवणावरही होऊ शकते, हे साहेबांनी एकदा स्वतःच्या पार्टीपासून दाखवून द्यावे. सरबताचा पेला मद्याच्या पेल्याइतक्याच सन्मानाने टेबलावर यावा. आणि ‘उद्या सकाळी व्यायाम आहे’ या उत्तराला ‘श्रावण आहे’ या उत्तराइतकाच मान मिळावा. त्यापुढे कारणांची उलटतपासणी होऊ नये.

आग्रह हा मराठी पाहुणचाराचा प्राण आहे, तो कसा सोडावा, असे कोणी म्हणेल. पण पंक्तीत मधुमेह झालेल्या पाहुण्याच्या पानात श्रीखंडाची दुसरी वाढी बळेच टाकणे आता सुसंस्कृतपणाचे मानले जात नाही. या बदलासाठी कायदा करावा लागला नाही; घरोघर आलेल्या अनुभवाने आग्रहालाही विवेक शिकविला. तोच विवेक संध्याकाळच्या बैठकीत यावयास हरकत नसावी. तालमीतला वस्ताद गेला. शिष्याचा निश्चय राखण्याचे त्याचे काम मात्र शिल्लक आहे, आणि ते आता टेबलाभोवती बसलेल्या मित्रांनाच करावे लागणार आहे.