झग्याखालची समता

झग्याखाली सगळे सारखे, हा युक्तिवाद ऐकायला मोठा गोड आहे. अमेरिकेत हायस्कूल संपताना प्रमाणपत्राच्या समारंभात विद्यार्थी चौकोनी टोपी आणि पायघोळ झगा घालतात. त्यावर पट्टा नको, मणी नकोत, पीस नको, असा दंडक अनेक शाळा घालतात, तो याच समतेच्या नावाने. त्यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. कोणाचा सदरा महागडा आणि कोणाचा उसना, हे झग्याखाली दिसत नाही. गरीब घरातल्या मुलाला त्या दिवसापुरता आडोसा मिळतो, हे मान्यच करायला हवे.

पण हा झगा कोणाचा? मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांतल्या धर्मगुरूंच्या वेषातून तो आला. १८९५ साली अमेरिकेतील महाविद्यालयांसाठी त्याची संहिता ठरली. म्हणजे तोही एका परंपरेचाच पोशाख. ती परंपरा तेवढी तटस्थ आणि बाकीच्यांची ती निव्वळ सजावट, हे ठरवले कोणी?

अनेक मूलनिवासी जमातींत तरुणाच्या कर्तृत्वाचा गौरव म्हणून वडीलधारी माणसे त्याला गरुडाचे पीस देतात. ते टोपीला लावू न दिल्याची प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली. मोन्टानाने २०१७ मध्ये कायदा करून हा हक्क मान्य केला. ओक्लाहोमात २०२३ मध्ये असेच विधेयक गव्हर्नरांनी नकाराधिकाराने रोखले. विधिमंडळाने तो नकार डावलून ते संमत केले. एका पिसासाठी कायदे करावे लागावेत, यातच सारे आले.

१८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे सुरू झालेल्या निवासी शाळेत मूलनिवासी मुलांचे केस कापले गेले, कपडे काढून घेतले गेले आणि 'सुधारणे'च्या नावाने त्यांच्या अंगावर गणवेश चढवला गेला. त्या मुलांच्या वंशजांना व्यासपीठाच्या पायरीवर 'पीस काढ' म्हणणारी शाळा शिस्त राखत नसते. ती तेच जुने काम पुढे चालवत असते.

आपल्याकडे २०१० मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी भोपाळच्या एका दीक्षान्त समारंभात वसाहतकाळाचा अवशेष म्हणून झगा उतरवला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना बरे वाटले. परंतु झग्याच्या जागी सक्तीचा कुर्ता वा फेटा आला, तर बदलते ते फक्त कापड. दंडक तोच राहतो. सगळ्यांवर एकच वस्त्र पांघरले की समता येते, हा भ्रम निदान साहित्य शिकवणाऱ्यांनी तरी बाळगू नये. झगा खुशाल असू द्या. त्यावर ज्याचे त्याचे पीसही असू द्या.