रात्रीचें पाणी व रक्तांतील साखर

मधुमेह हा गादीवर बसणाऱ्या सावकाराचा व शहरांतील कारकुनाचा रोग, अशी आम्हां शेतकऱ्यांची जुनी समजूत आहे. ती आतां टाकून द्यावयास हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेल्या पाहणीचा जो वृत्तांत २०२३ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत देशांतील मधुमेह्यांची संख्या सुमारें १० कोटि दिली असून खेडीं त्यांतून सुटलेलीं नाहींत. अंगानें सडपातळ असणें हेंही अभय नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं दाखविलें आहे कीं, आपलीं मुलें जन्मतः वजनानें हलकीं असूनही त्यांच्या अंगीं चरबीचें प्रमाण अधिक असतें.

नांदेड-लातूरकडील रानांत काय पालट झाला हें वाचकांस सांगावयास नको. खरिपाची ज्वारी जाऊन सोयाबीन आलें. हातीं पैसा आला, पण घरांतील कणगी रिकामी झाली आणि ताटांत भाकरीच्या जागीं दुकानचा पांढरा तांदूळ बसला. कोंडा काढलेल्या तांदळाची साखर रक्तांत लवकर उतरते. ज्वारीची, तींतील चोथ्यामुळें व सोबत डाळ-भाजी असल्यास, सावकाश. अर्थात् भाकरी हें कांहीं औषध नव्हे. पांच भाकरी व पांच वेळां गोड चहा घेणाऱ्यास ज्वारीही तारणार नाहीं.

तथापि आम्हांस अधिक काळजी वाटते ती झोपेची. रब्बीच्या हंगामांत कृषिपंपाची वीज पाळीपाळीनें रात्रीं येते, आणि हरभऱ्यास पाणी द्यावयाचें म्हणून माणूस थंडींत, विंचूकाट्यांत दारें धरून उभा राहतो. पहांटे घरीं येतो तों दिवसाचीं कामें वाट पाहात असतात. शिकागो येथील एका प्रयोगांत, जो १९९९ सालीं प्रसिद्ध झाला, ११ निरोगी तरुणांस सहा रात्रीं चारच तास अंथरुणावर राहूं दिलें. एवढ्यानेंच त्यांच्या रक्तांतील साखर निवळण्याची शक्ति स्पष्टपणें घटली. झोप भरून काढल्यावर ती परत आली. आमच्याकडे तर हा क्रम हंगामभर, वर्षानुवर्षें चालतो, आणि भरून काढण्यास रात्र उरत नाहीं.

म्हणून दिवसा विजेची मागणी आरोग्याच्या सदरांतही मांडली पाहिजे, असें आमचें मत आहे. जेथें सौर वाहिनी पोंचली तेथें ती पुरी होऊं लागली आहे. उरलेल्या गांवांनीं स्वस्थ बसूं नये. तोंवर रात्रीं पाणी देणाऱ्यास घरच्यांनीं दुपारीं दोन तास निजूं द्यावें व त्या दिवशीं बाजारास धाडूं नये. घरखर्चापुरती ज्वारी प्रत्येकानें पेरावी. परभणीच्या कृषि विद्यापीठाचें ‘परभणी शक्ति’ हें वाण लोह व जस्त यांनीं अधिक संपन्न आहे. चाळिशी ओलांडलेल्यानें वर्षांतून एकदां उपाशीपोटीं रक्त तपासून घ्यावें, आणि आंकडा १२६ किंवा त्याहून वर निघाल्यास डॉक्टरांकडे जाण्यास सुगी संपण्याची वाट पाहूं नये.