वाटीभर दुधाने भागत नाही
सिल्वासात आमच्या गल्लीत मासेवालीने टोपली टेकवली, की गाड्यांखालून शेपट्या उभारून अख्खं मांजरकुळ हजर! या आठवड्यात त्यांत चिपडांनी डोळे मिटलेली पिल्लंही दिसली. कुणी दुधाची वाटी ठेवतं, कुणी म्हणतं, पोत्यात भरून दमणगंगेपार सोडा. दोन्ही चूक. मोठ्या मांजराला दूध अनेकदा पचत नाही आणि जागा रिकामी झाली की नवी मांजरं येतातच. पाच महिन्यांची मांजरीही गाभण राहते. म्हणून पिंजरा लावून धरा, नसबंदी करा, रेबीजची लस टोचा, भुलीतच कानाचं टोक छाटून खूण करा आणि त्याच गल्लीत परत सोडा. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी भटक्या जनावरांच्या खाण्याची व्यवस्था रहिवासी संघटनांवरही सोपवली आहे. तेव्हा गणपतीच्या वर्गणीइतक्याच हक्काने मांजरांची वर्गणी मागा.