संगणकाची किल्ली कोणाकडे?

अकोट तालुक्यातल्या बचत गटांच्या बैठकांना मी जाते, तेव्हा गेले वर्षभर एक वाक्य सारखं कानावर येतं आहे. "घरी कॉम्प्युटर आहे, पण तो चालत नाही." जरा खोदून विचारलं की कळतं, तो चालतो. फक्त सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात, एक फाइल उघडली की दुसरी उघडत नाही आणि मध्येच पडदा गोठून जातो. दहा-बारा वर्षांपूर्वी मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेलं यंत्र असतं. मुलगा पुण्याला नोकरीला गेला. यंत्र टेबलावर राहिलं, त्यावर भरतकामाचं झाकण आलं. दुकानात दाखवलं तर उत्तर ठरलेलं: "ताई, हा आता काही कामाचा नाही राह्यला, नवा घ्या."

हे उत्तर ऐकून घरी परतणाऱ्या बाईला संगणकाचं काम नसतं असं नाही. गटाचा हिशेब तिला लिहायचा असतो. मुलीचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असतात. शिवणकामाची बिलं करायची असतात. पण घरातलं यंत्र टाकून नवं घ्यायचं का, घेतलं तर कोणतं, त्यात काय घालायचं, या चर्चेत तिला कोणी धरत नाही. तंत्राचा विषय पुरुषांचा, असं आपण सगळ्यांनीच धरून ठेवलेलं आहे. मी समाजकार्य शिकलेली बाई, संगणकशास्त्र शिकलेली नाही. तरीही या विषयावर लिहिते आहे, कारण हा प्रश्न आता थेट आपल्या घरात आला आहे.

तो आला कसा, ते आधी पाहू. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार बंद केला. नोंदणी करणाऱ्यांना आणखी एक वर्ष सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याचं कंपनीने जाहीर केलं, पण ती मुदतवाढच. त्यापुढची विंडोज ११ ही प्रणाली किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर मागते. २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक या अटींत बसत नाहीत. म्हणजे यंत्र धडधाकट असलं तरी एका कंपनीच्या निर्णयामुळे ते म्हातारं ठरतं आणि खर्च आपल्या माथी येतो.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली. मेमरी कोणाला किती द्यायची, फाइल कुठे ठेवायची, छपाईयंत्राशी कसं बोलायचं, हे सगळं ती ठरवते. विंडोज ही अशी एक प्रणाली. दुसरी मोठी परंपरा लिनक्सची. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. या दोन्हींच्या मिलाफातून ज्या प्रणाली तयार झाल्या, त्या कोणीही वापराव्यात, उघडून पाहाव्यात, बदलाव्यात आणि दुसऱ्याला द्याव्यात, अशी मुभा त्यांच्या परवान्यातच लिहिलेली असते. इंग्रजीत या सॉफ्टवेअरला जो शब्द लावतात त्याचा अर्थ 'फुकट' असाही होतो, म्हणून तिकडे बराच गोंधळ झाला. आपल्याकडे फुकट हा शब्द वेगळा आणि मुक्त हा वेगळा. मुक्ती म्हणजे काय, हे तर या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

आता वेगाबद्दल. जाणकार मंडळी वेगाची चर्चा आकड्यांत करतात. मला तो बायकांच्या वेळेचा प्रश्न वाटतो. घरातल्या बाईला सलग तीन तास मिळत नाहीत. दुपारी भांडी झाल्यावर आणि मुलं शाळेतून यायच्या आधी तिच्या हाती वीस मिनिटं लागतात. संगणक सुरू व्हायला त्यातली दहा गेली, तर उरलेल्या दहात ती काय करणार? दोन-चार दिवस असं झालं की ती त्या खुर्चीवर बसणं सोडून देते आणि घरचे म्हणतात, "हिला काही त्यातलं जमत नाही." बटण दाबल्यावर लगेच प्रतिसाद देणारी प्रणाली ही म्हणूनच चैन नव्हे. त्या वीस मिनिटांवरचा तिचा हक्क त्यावर अवलंबून आहे.

यंत्र मंद का होतं? प्रणाली आणि उघडलेले कार्यक्रम मेमरीत मावले नाहीत की संगणक उरलेला भार डिस्कवर टाकतो आणि पुन्हा पुन्हा तिथून उचलतो. फिरत्या चकतीची जुनी हार्ड डिस्क मेमरीच्या मानाने फारच संथ असते. त्यामुळे उपाय दोन: प्रणाली हलकी घ्यायची आणि जमल्यास डिस्क बदलायची. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर नव्या संगणकाच्या तुलनेत थोडक्या खर्चात मोठा फरक पडतो. ज्यांना एकच खर्च झेपतो त्यांनी हा करावा.

लिनक्सच्या शेकडो आवृत्त्या आहेत आणि नावं ऐकूनच माणूस घाबरतो. घरच्या जुन्या संगणकासाठी माझी पसंती लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीला आहे. तिला किमान २ जीबी मेमरी लागते आणि ४ जीबी असली तर आराम. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, अशी तिची मांडणी आहे. त्यामुळे विंडोजची सवय असलेल्या बाईला घर बदलल्यासारखं वाटत नाही. त्याहून हलकं हवं असेल तर लुबुंटू आहे. त्यातली एलएक्सक्यूटी ही मांडणी मेमरी फार अडवत नाही. पडद्यावर दिसणारी मांडणी जितकी साधी, तितकी कामाला मेमरी उरते, एवढं सूत्र लक्षात ठेवलं तरी निवड सोपी होते. फार जुन्या, ३२ बिटच्या यंत्रांना मात्र बहुतेक आवृत्त्यांनी आता निरोप दिला आहे. तिथे उगाच शक्ती घालवू नये.

निवड करण्याआधी ती वापरून पाहता येते, हा यातला सगळ्यात मोठा गुण. ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करून त्यावरूनच संगणक सुरू करायचा. डिस्कवरचं काही हलत नाही. आवाज येतो का, वायफाय लागतं का, छपाई होते का, ते तपासायचं. अशा वेळी वेग थोडा कमी भासतो, कारण सगळं पेनड्राइव्हवरून येत असतं. पटलं तरच प्रणाली बसवायची आणि बसवण्यापूर्वी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे उतरवून ठेवायची. ही पायरी कोणीही गाळू नये.

मराठीचं काय, हा प्रश्न हमखास येतो. १९८० च्या दशकात घडवलेला इनस्क्रिप्ट कळफलक या प्रणालींमध्ये मिळतो. तो सेटिंगमधून निवडायचा, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. पडद्यावरचा मेनूही मराठीत करता येतो. भाषांतर पूर्ण नाही, मधून मधून इंग्रजी डोकावतं, पण हे भाषांतर स्वयंसेवकांनी केलेलं असतं आणि त्यात भर घालायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही. अडचण जुन्या कागदांची आहे. आपल्या संस्थांचे वीस-पंचवीस वर्षांचे अहवाल श्री-लिपी, कृतिदेव अशा फॉण्टमध्ये आहेत. तो फॉण्ट नसेल तर अक्षरांच्या जागी खिचडी दिसते. हे कागद युनिकोडमध्ये बदलून घेणं हे काम कोणतीही प्रणाली वापरली तरी करावंच लागणार आहे.

मर्यादाही सांगायला हव्यात. टॅली किंवा पेजमेकरवर ज्यांचं पोट चालतं त्यांनी विंडोज सोडू नये. काही छपाईयंत्रं आणि स्कॅनर लिनक्सशी पटवून घेत नाहीत. २००१ पासून एमएस-सीआयटी केलेल्या आपल्या मुलींची ओळख मुख्यतः विंडोज आणि वर्डशी आहे. त्यांना लिब्रेऑफिसची सवय व्हायला थोडे दिवस लागतात. पण पत्र, हिशेब, अर्ज, इंटरनेट एवढंच काम असणाऱ्या घरात यातलं काही आडवं येत नाही.

आणि आता मूळ मुद्दा. प्रणाली कोणतीही बसवा, बसवताना ती एक प्रश्न विचारते: मुख्य पासवर्ड काय ठेवायचा? हा पासवर्ड ज्याच्या हाती, तो बाकी सगळ्यांच्या फाइल्स उघडू शकतो, नवे कार्यक्रम घालू शकतो, दुसऱ्याचं खातं बंद करू शकतो. समुपदेशनाच्या कामात मला अशा बायका भेटतात, ज्यांच्या ई-मेलचा पासवर्ड नवऱ्याने ठरवलेला असतो आणि ज्यांनी काय शोधलं ते रात्री तपासलं जातं. पोटगीची माहिती वाचायलाही त्यांना शेजारणीचा मोबाइल लागतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने मारहाणीबरोबर मानसिक आणि आर्थिक छळही हिंसेत धरला. संगणकावरची पाळत त्याच छळाचं नवं हत्यार आहे. लिनक्स घातलं म्हणून ते हत्यार आपोआप बोथट होत नाही. मुक्त प्रणालीवरही नवरा पाळत ठेवू शकतो, जर किल्ली त्याच्याकडे असेल.

म्हणून घरात प्रत्येकाचं वेगळं खातं असावं आणि मुख्य पासवर्ड बाईलाही माहीत असावा. बसवतानाच सगळी डिस्क कुलूपबंद करण्याची सोय असते. ती न वापरल्यास दुसऱ्या पेनड्राइव्हवरून सुरू करून कोणीही फाइल्स वाचू शकतो. वापरल्यास तो पासवर्ड विसरून चालत नाही, कारण मग कोणीच काही परत आणू शकत नाही. ज्या घरात हिंसा आहे तिथे मात्र घाईने काही बदलू नये. अचानक लागलेलं कुलूप पाहून संशय आणि मार दोन्ही वाढू शकतात. अशा बाईने आधी कार्यकर्तीशी बोलावं आणि आपले कागद घराबाहेरच्या विश्वासू ठिकाणी ठेवावेत.

किल्लीचा हा प्रश्न वऱ्हाडाला नवा नाही. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती हाती घेतली. जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावे करा, असं शेतकऱ्यांना सांगितलं आणि अनेकांनी तो केला. त्याच संघटनेच्या हाकेवर १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहाँगीर गावात शेतकऱ्यांनी परवानगी नसलेलं एचटीबीटी कापसाचं बियाणं उघडपणे पेरलं. मागणी होती तंत्रज्ञान निवडण्याच्या स्वातंत्र्याची. त्या बियाण्याबद्दल आपली मतं वेगवेगळी असू शकतात. पण त्या पिकावर तणनाशक चालतं, म्हणजे निंदणाचं काम घटतं, आणि निंदण ही आपल्याकडे बायांची मजुरी. कोणाची पाठ वाचणार आणि कोणाची चूल थंडावणार, याची चर्चा निंदणाऱ्या बायांना सोबत घेऊन किती झाली? स्वातंत्र्य मागणाऱ्यांच्या रांगेत आपण नसलो, तर मिळालेलं स्वातंत्र्य आपल्यापर्यंत पोचतंच असं नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतही हेच घडलं. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन या मोठ्या प्रकल्पाच्या नावात डेब्रा या बाईचं नाव आहे, संस्थापक इयान मर्डॉक यांच्या मैत्रिणीचं. पण प्रत्यक्ष कामात बायका मोजक्याच राहिल्या. म्हणून १९९८ मध्ये लिनक्सचिक्स हा बायकांचा गट उभा राहिला, जिथे कोणताही प्रश्न हसण्यावारी न नेता विचारता येत असे. 'एवढंही येत नाही?' हे वाक्य ऐकावं लागू नये म्हणून वेगळी जागा करावी लागते, हे आपल्याला आपल्या शिबिरांतून चांगलं ठाऊक आहे.

मग करायचं काय? केरळ सरकारने शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर आणलं तेव्हा यंत्रांबरोबर शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला, म्हणून ते टिकलं. आपणही प्रत्येक तालुक्यात निदान दोन मैत्रिणी तयार कराव्यात, ज्यांना पेनड्राइव्ह बनवणं, प्रणाली बसवणं आणि खाती उघडून देणं येतं. एक शिकली आणि तिचं लग्न होऊन ती दूर गेली की काम थांबतं, म्हणून दोन. बैठकीला एखाद्या मैत्रिणीने आपला बंद पडलेला संगणक आणावा. तो सगळ्यांसमोर सुरू करावा आणि बसवताना माऊस त्या बाईच्याच हातात असावा. भाच्याने किंवा दुकानदाराने बसवून दिलेली प्रणाली पुन्हा त्याच्याच मर्जीवर चालते. मुख्य पासवर्डची चौकट पडद्यावर येईल तेव्हा बाकीच्यांनी माना वळवाव्यात आणि तो तिचा तिने टाकावा.