नावाआधी गाव

लक्ष्मीपूजनाला मेढ्याच्या पेठेत नवी वही पुजतात. पहिल्या पानावर ‘श्री’, हळदकुंकू, मग वर्षाची पहिली नोंद. यंदाचा अंक ‘हिशेब’ या विषयाला वाहिला आहे. सुरुवात एका दूरच्या वहीपासून करतो.

1925 साली बायर, बीएएसएफ, हेक्स्ट, आग्फा अशा सहा जर्मन कंपन्या एकत्र आल्या आणि आय. जी. फार्बेन उभी राहिली. रंग, औषधं, खतं, फोटोची फिल्म असा तिचा पसारा. 1933 च्या फेब्रुवारीत तिने हिटलरच्या निवडणुकीला चार लाख मार्क दिले. महायुद्धात ऑशवित्झजवळ मोनोवित्झला तिने कृत्रिम रबराचा कारखाना काढला आणि 1942 मध्ये त्यासाठी तिथेच कैद्यांची छावणी उभी राहिली. साध्या मजुराचे दिवसाला तीन मार्क, कारागिराचे चार. कंपनी हे पैसे भरायची ते नाझींच्या एसएस दलाकडे. राबणाऱ्याच्या हातावर काहीच पडत नसे.

जावळीच्या माणसाला हे वाचताना मुंबईचे धक्के आठवतात. आपल्या किती घरांतला कर्ता पुरुष पाठीवर गोणी घेऊन जगला! मोनोवित्झलाही सिमेंटच्या गोणीच होत्या. त्या उपाशीपोटी, मार खात, पळत वाहायच्या. थकला त्याला गॅसकोठडीकडे धाडत. त्या विषारी वायूच्या कंपनीतही फार्बेनची भागीदारी होती. आपल्या माथाड्यांनी लढून 1969 चा कायदा मिळवला: मालकाने मजुरी बोर्डात भरायची, बोर्डाने ती कामगारालाच द्यायची. हा कायदा केवढा मोठा आहे, ते मला मोनोवित्झबद्दल वाचल्यावर कळलं.

तिथे वीस हजारांहून जास्त माणसं मेली असा अंदाज आहे. कृत्रिम रबर मात्र शेवटपर्यंत निघालं नाही. 1948 मध्ये न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने तेरा अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. सर्वांत जास्त शिक्षा आठ वर्षं. सात वर्षांची शिक्षा झालेले फ्रिट्झ टेर मेअर लवकरच सुटले आणि 1956 मध्ये बायरच्या पर्यवेक्षक मंडळाचे अध्यक्ष झाले. याचा मला आजही संताप येतो. भाताच्या फवारणीसाठी औषध घेताना बाटलीवरचं नाव मी आता वाचतो.

या अंकात माथाडी टोळ्यांच्या मुकादमांनी जपलेल्या हजेरीवह्यांची काही पानं छापली आहेत. शाई फिकट झाली आहे, पण वाचता येतं. रकमेच्या आधी माणसाचं नाव आहे आणि नावाच्या आधी त्याचं गाव.