रस्ता एकाचा, वेग दुसऱ्याचा

एखाद्या गल्लीत अपघात झाला की दोन-चार दिवसांत त्या ठिकाणी डांबराचा एक ओबडधोबड उंचवटा उभा राहतो. रहिवाशांनी निवेदन दिलेले असते, नगरसेवकाने शब्द टाकलेला असतो आणि दुसऱ्या कुठल्या तरी कामावरचे उरलेले डांबर तेथे ओतले जाते. त्यावर पांढरे पट्टे नसतात, अलीकडे फलक नसतो, रात्री तो दिसत नाही. पुढे त्याच उंचवट्यावर स्कूटरच्या मागे बसलेली एखादी वृद्धा पडते, आणि मग तो काढण्यासाठी दुसरे निवेदन जाते. महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत वस्तीतील वाहनांचा वेग आवरण्याचे धोरण म्हणून जे काही आहे, ते एवढेच.

यात अज्ञानाचा भाग फारसा नाही. गतिरोधक कसा असावा हे इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्येच लिहून ठेवले आहे. रुंदी ३.७ मीटर, मध्यभागी उंची दहा सेंटिमीटर. ताशी पंचवीस किलोमीटरने जाणाऱ्यास तो जेमतेम जाणवावा आणि त्याहून वेगाने जाणाऱ्यास हिसका बसावा, असा त्यामागील हिशेब. २०१८ च्या सुधारित संहितेत तर गतिरोधकापुरते न थांबता वाहतूक संथ करण्याच्या इतर उपायांचाही विचार आहे. चौकाचे कोपरे आवळून घेणे, रस्ता ठिकठिकाणी अरुंद करणे, ओलांडण्याची जागा पदपथाच्या पातळीपर्यंत उचलणे, हे उपाय आता अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतात. हे ज्ञान गल्लीपर्यंत का पोहोचत नाही, याचे उत्तर स्थापत्यशास्त्रात नसून अधिकारांच्या वाटणीत आहे.

गल्लीतील रस्ता महापालिकेचा असतो. त्यावरील वेग मात्र तिचा नसतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार वेगाची कमाल मर्यादा केंद्र सरकार ठरवते आणि ती कमी करण्याचा अधिकार राज्य सरकारला, अथवा राज्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला आहे. व्यवहारात मोठ्या शहरांत हा अधिकार पोलीस वापरतात. केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने महापालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींना ताशी ७० आणि दुचाकींना ६० किलोमीटरपर्यंत मुभा दिली. म्हणजे ज्या गल्लीत मुले शाळेच्या रिक्षाची वाट पाहत उभी असतात, तेथेही कोणी वेगळी अधिसूचना काढली नसेल तर ही कमाल मर्यादा लागू होते. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांकडे सोपवावयाच्या विषयांच्या यादीत रस्ते आहेत, पूल आहेत, दिवाबत्ती आहे, वाहनतळ आणि बसथांबेही आहेत. वाहतुकीचे नियमन मात्र त्यात नाही. तेव्हा वेगाविषयी तक्रार घेऊन आलेल्या नागरिकाला देण्याजोगी एकच वस्तू महापालिकेच्या हाती उरते, ती म्हणजे डांबर.

पैशाची वाटणीही याच वळणाची आहे. मोटार वाहन कर राज्याच्या तिजोरीत जातो, पेट्रोलवरील कर राज्य आणि केंद्र वाटून घेतात, वेगमर्यादा ओलांडणाऱ्याचा दंडही राज्याकडेच जमा होतो. जकात हे नागरी संस्थांचे स्वतःचे मोठे उत्पन्न होते. मुंबईतील जकातही १ जुलै २०१७ रोजी संपली आणि तिच्या जागी राज्याकडून मिळणारी भरपाई आली. याउलट रस्त्याची झीज, पदपथांची दुरुस्ती आणि पालिकेच्या रुग्णालयात येणारे जखमी, हा खर्च स्थानिक संस्थेचा. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात त्याचे याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण: वेगाचा लाभ एकाला, उत्पन्न दुसऱ्याला आणि बोजा तिसऱ्याला.

रस्त्याची मालकी म्हणजे या मंडळींना काय वाटते, हे २०१७ मध्ये विलक्षण स्पष्टपणे दिसून आले. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. उद्देश अपघात कमी करण्याचा होता. तो पाळण्यासाठी दुकाने हलवावी लागली असती. त्याऐवजी काही सरकारांनी रस्तेच हलवले, अर्थात कागदोपत्री! चंदीगडच्या प्रशासनाने शहरातून जाणाऱ्या महामार्गांना जिल्हा रस्ते म्हणून घोषित केले. महाराष्ट्रातही शहरांतील राज्यमार्गांचे तुकडे स्थानिक संस्थांकडे वर्ग करण्याच्या हालचाली झाल्या. रस्त्याची देखभाल पुढे कोण करणार, त्यासाठी निधी कोठून येणार, या प्रश्नांना त्या घाईत गौण स्थान मिळाले. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने नागरी हद्दीपुरता खुलासा केला आणि ही धावपळ थंडावली. वर्षानुवर्षे हस्तांतरणाची फाइल ज्या खात्यांत हलत नाही, तीच खाती महसुलासाठी काही आठवड्यांत निर्णय घेऊ शकतात, एवढे मात्र त्यातून सिद्ध झाले.

उत्तरदायित्वाचा धागा न्यायालयांनी काही अंशी पुढे नेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९८-अ त्याही पुढे जाते. रस्त्याचा आराखडा, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणा आणि कंत्राटदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मानके धाब्यावर बसवून घातलेला गतिरोधक या कलमातून सुटावा असे कोणतेही कारण दिसत नाही. अर्थात दंडाच्या भीतीपेक्षा करारातील शर्त अधिक उपयोगी पडते. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात बांधला गेला, तेव्हा कंत्राटदाराकडून दहा वर्षांची हमी घेण्यात आली होती आणि तो रस्ता त्यानंतरही कित्येक वर्षे टिकला.

तेव्हा पहिले पाऊल राज्य सरकारने उचलावयाचे आहे. वस्तीतील रस्त्यांवर ताशी तीस किलोमीटर किंवा त्याहून कमी मर्यादा घालण्याचा अधिकार महापालिका आयुक्तांना देण्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. प्राधिकृत करण्याची तरतूद कलम ११२ मध्येच आहे. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टसारख्या शहरांनी निवासी गल्ल्यांची रचना बदलली, तेव्हा १९७६ मध्ये तेथील सरकारने अशा गल्ल्यांना कायद्यात स्वतंत्र दर्जा दिला. रचना आणि नियम यांची ही सांगड आपल्याकडे नाही. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले खरे, परंतु पदपथ रुंद करणाऱ्या संस्थेला त्याशेजारचा वेग ठरवता येत नसेल, तर ते धोरण अर्धेच राहते.

यावर रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब यांचे काय, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. म्हणूनच मुख्य रस्ते यातून वगळले पाहिजेत आणि उपाय गल्लीनिहाय न योजता संपूर्ण प्रभागासाठी योजले पाहिजेत. एकच गल्ली अडवली की वाहने शेजारच्या गल्लीत शिरतात आणि निवेदनांचा ओघ तेवढा तिकडे वळतो. वेगाच्या दंडातील काही वाटा त्या-त्या महापालिकेच्या पदपथांसाठी राखून ठेवणे हेही अवघड नाही, मात्र वित्त विभाग ते सहजासहजी मान्य करील असे समजण्याचे कारण नाही.

एका कामाला मात्र वित्त विभागाची संमती लागत नाही. प्रत्येक रस्ता कोणत्या यंत्रणेच्या ताब्यात आहे, कंत्राटदार कोण आणि दोषदायित्वाची मुदत कधी संपते, याची यादी प्रत्येक वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावता येईल. त्याच यादीत गतिरोधकांची नोंद असावी, आणि तो घालण्याची परवानगी कोणी दिली त्या अधिकाऱ्याचे पदही.