सुईला कायम-कंत्राटी कळत नाही

प्रति,
आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका



सकाळी साडेसहाच्या सुमारास चौकीवर सफाई कामगारांची हजेरी लागते आणि तासाभरात परळ-लालबागच्या एखाद्या घरगल्लीत दोन कामगार उतरलेले असतात. घरगल्ली म्हणजे दोन चाळींच्या पाठींमध्ये उरलेली चिंचोळी पट्टी. तिथं पाइप असतात, उंदीर असतात आणि वरच्या चार मजल्यांच्या खिडक्यांतून जे जे टाकता येतं ते सगळं असतं. एक जण पंजानं ओढतो, दुसरा घमेल्यात भरतो. वरून येणारी पिशवी खाली माणूस आहे की नाही हे बघून येत नाही. डोक्यावर हेल्मेट असेल तर नुसता आवाज होतो.

त्या पिशवीत काय असतं हे आपल्या घनकचरा व्यवस्थापन खात्याला नव्यानं सांगायला नको. भाजीची देठं, डायपर, दाढीचं पातं, फुटलेली बाटली, आणि अलीकडे हमखास सापडणारी इन्सुलिनची सुई. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या सुयांना घरगुती घातक कचरा म्हटलं आणि तो वेगळा द्यावा असं सांगितलं. त्याच नियमांनी हातमोजे, बूट, मास्क, रेनकोट आणि चमकतं जाकीट देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली. नियम चांगले होते. सुई मात्र अजून ओल्या कचऱ्यातच येते, आणि कापडी हातमोज्यातून ती आरपार जाते.

सुई टोचली तर एचआयव्हीची लागण टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. जितकी लवकर तितकी बरी. कायम कामगाराला निदान पालिकेचं रुग्णालय आहे, रजा आहे, मुकादमाला सांगण्याची सोय आहे. रोजावरच्या माणसानं रुग्णालयाची रांग धरली तर त्याचा दिवस जातो, आणि दिवसाबरोबर रोजही. मग सगळ्यात स्वस्त इलाज उरतो: बोट नळाखाली धरायचं, चिंधी गुंडाळायची आणि गाडी भरायला जायचं.

आयुक्तसाहेब, या पत्राचा मुद्दा एवढाच आहे. जोखमीचा मोबदला कामाला चिकटलेला असावा, पदाला नव्हे.

राज्यभरातल्या सफाई कामगारांच्या तोंडी एक शब्द रुळलेला आहे, घाणभत्ता. त्याच्या जोडीला धुलाई भत्ता. दोन्ही शब्द नीट कान देऊन ऐकावेत. घाण अंगाला लागते म्हणून थोडे पैसे, ती धुवायला साबण लागतो म्हणून आणखी थोडे. व्यवस्थेच्या लेखी या कामातला त्रास म्हणजे वास आणि डाग. कापलं जाणं, टोचलं जाणं, गुदमरणं, कॉम्पॅक्टरच्या मागच्या फळीवर उभं राहून वळणावर तोल जाणं, वर्षानुवर्षं धूळ छातीत घेणं, यांतलं काहीच त्या शब्दांत मावत नाही. शिवाय भत्त्याच्या या रकान्यांचं सुख कायम कामगाराच्या पगारपत्रकापुरतं. कंत्राटदाराच्या हाताखालच्या माणसाला किमान वेतन वेळेवर मिळालं तरी पुष्कळ, अशी स्थिती.

थोडं विषयांतर. याच महापालिकेच्या 1888 च्या कायद्यात हलालखोर कर नावाचा एक कर होता. मैला उचलणाऱ्यांना हलालखोर म्हणत, म्हणजे कष्टाचं, हक्काचं खाणारा. शब्द जातीच्या उतरंडीतून आला होता, त्याचा गौरव करण्याचं कारण नाही. पण त्या काळी कराच्या नावात निदान काम करणारा माणूस तरी दिसत होता. आजच्या बिलावर मलनिःसारण कर असतो.

माणूस दिसेनासा करण्याची कला पालिकेनं पुढे बरीच कमावली. कंत्राटी कामगार कायद्यात वीस माणसांची मर्यादा होती, तेव्हा त्याहून कमी माणसांची छोटी छोटी कंत्राटं निघाली. त्याला हैदराबाद पॅटर्न म्हणत. वस्त्यांमध्ये दत्तक वस्ती योजना आली, पुढे तिचं स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान झालं. तिथं झाडणारे कामगार नव्हते, ‘स्वयंसेवक’ होते, आणि त्यांना पगार नव्हता, ‘मानधन’ होतं. नाला मात्र तोच होता.

कचरा वाहतूक श्रमिक संघ या कामगार संघटनेनं या कंत्राटांविरुद्धची लढाई वर्षानुवर्षं न्यायालयात लढवली. 2014 मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणानं ही कंत्राटं निव्वळ देखावा असल्याचं ठरवून 2,700 कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला. पालिका वरच्या न्यायालयांत गेली. एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कामगारांच्याच बाजूनं कौल दिला. इथं गोष्ट संपायला हवी होती. त्यानंतर कागद तपासणी सुरू झाली आणि यादीतलं नाव व ओळखपत्रावरचं नाव यांत अक्षराचा फरक निघाला म्हणून कित्येकांची प्रकरणं अडून राहिली. कधीकाळी कुणीतरी घाईघाईत लिहिलेल्या यादीत कांबळेचं कांबले झालं असेल, तर त्याची किंमत झाडू मारणाऱ्यानं मोजायची. हा हिशेब कोणत्या न्यायाचा?

जोखीम मोजता येत नाही, असं खातं म्हणू शकत नाही. एकदा मोजून झालेली आहे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, लोकल थांबल्या, आणि विरार-कल्याणकडून सफाई कामगार मिळेल त्या बसनं शहरात येत राहिले. घरोघरी थाळ्या वाजून झाल्या होत्या. तेव्हा पालिकेनं हजर राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना रोज 300 रुपये भत्ता जाहीर केला. करोनाच्या कामात मृत्यू आल्यास कुटुंबाला 50 लाख रुपये देण्याचा निर्णय राज्य सरकारनं घेतला. म्हणजे दिवसाच्या जोखमीला दर लागू शकतो आणि जिवाच्या जोखमीला रक्कम ठरू शकते. साथ ओसरली, भत्ता गेला. पातं, सुई आणि गटारातला वायू आहेत तिथंच आहेत.

वायूचं तर बोलायलाच नको. हातानं मैला साफ करून घेण्यावर 2013 च्या कायद्यानं बंदी आली, तरी डिसेंबर 2019 मध्ये गोवंडीत एका सोसायटीच्या मैल्याच्या टाकीत तीन माणसं गेली. त्यांच्या विधवांना 10 लाख रुपयांच्या भरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं दार वाजवावं लागलं. आदेश 2021 मध्ये मिळाला. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारातल्या मृत्यूची भरपाई 30 लाखांवर नेली. आकडा वाढला, हे बरंच झालं. पण हा मोबदला माणूस गेल्यावरचा आहे.

मोबदला मागाहून देण्याची आपली रीत जुनीच. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीचा हक्क दिला. त्या हक्कानं हजारो घरं उभी राहिली, त्याला हात लावू नये. तरी त्याचा दुसरा अर्थही डोळ्यांआड करता येत नाही: बापाच्या छातीत साठलेल्या धुळीची भरपाई म्हणून मुलाच्या हातात तोच झाडू. सुधारक ओलवे यांनी पंचवीस वर्षांपूर्वी मुंबईच्या सफाई कामगारांची जी कृष्णधवल छायाचित्रं काढली, त्यांतली कामं आज पाहिली तरी जुनी वाटत नाहीत. छायाचित्रकाराला 2016 मध्ये पद्मश्री मिळाली, ती योग्यच होती. छायाचित्रांतल्या माणसांच्या वाट्याला सत्कार येतो तो 2 ऑक्टोबरला, शाल आणि नारळ.

पालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटी रुपयांचा होता. तेव्हा पैशाची अडचण सांगू नये. करायचं आहे ते फार अवघड नाही. कचरा उचलणं, घरगल्ली, नाला, मलवाहिनी, क्षेपणभूमी अशा कामांची यादी करावी आणि प्रत्येकासाठी रोजचा जोखीम भत्ता ठरवावा. तो कायम, कंत्राटी, स्वयंसेवक सगळ्यांना एकाच दरानं मिळावा. कंत्राटदाराच्या बिलात तो मिसळू नये, थेट कामगाराच्या खात्यात जावा. बिलातून वाहत आलेलं पाणी शेवटच्या माणसापर्यंत किती पोहोचतं, हे लेखा खात्याला विचारावं. सुई टोचली की मुकादमानं त्याच दिवशी जवळच्या पालिका रुग्णालयात पाठवायचं, आणि तो दिवस भरलेला धरायचा. प्रत्येक चौकीवर जखमांची नोंदवही ठेवायची. आज जखम कागदावर नाही, म्हणून ती झालीच नाही असं धरलं जातं. आणि नावातल्या एका अक्षरावरून अडलेली प्रकरणं एका शिबिरात बसून निकालात काढावीत. अंगठा तोच आहे, माणूस तोच आहे.

घाणभत्ता हा शब्दही बदलावा. नाव बदलून पोट भरत नाही हे खरं, पण जोखीम असं एकदा सरकारी कागदावर लिहिलं गेलं की ती कमी करण्याची जबाबदारीही त्याच कागदावर येते. कदाचित म्हणूनच ते आजवर लिहिलं गेलं नसावं.

पुढच्या अर्थसंकल्पाआधी याचं परिपत्रक निघावं, ही विनंती. ते निघेल तेव्हा एक प्रत प्रत्येक चौकीच्या भिंतीवर, हजेरीच्या यंत्राशेजारी, मोठ्या अक्षरांत लावावी.